९ बाय १३ ची काचेची बेकिंग डिश, फ्रेंच टोस्टसाठी घेतलेली

रविवारी घरी दहा जण नाश्त्याला, तव्याशी उभं राहून एकेक फ्रेंच टोस्ट कोण भाजत बसणार, म्हणून ही ९ बाय १३ इंचाची डिश झाकणासकट घेतली. आदल्या रात्री शिळ्या ब्रियॉशचे (लोणी-अंडी घातलेला मऊ फ्रेंच ब्रेड) तुकडे, ८ अंडी, अडीच कप दूध, साखर, दालचिनी आणि माझा आगाऊपणा म्हणून वेलची, सगळं ओतून फ्रीजमध्ये. साईज एकदम बरोबर, अख्खा लोफ मावतो आणि वर फुगायला जागाही उरते. सकाळी ३५० फॅरनहाइटला ५० मिनिटं, वरून खरपूस, आत खरवसासारखं लुसलुशीत, आणि काच असल्यामुळे खालून करपतंय का ते वाकून बघता येतं. फक्त फ्रीजमधली गार डिश तशीच तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका हां, काच तडकू शकते, अर्धा तास ओट्यावर राहू दे. वैताग झाकणाचा! प्लॅस्टिकचं आहे, एका कोपऱ्यात बसतच नाही, तिकडे दाबलं की इकडे उचलतं, शेवटी फ्रीजमधल्या कांद्याचा वास लागेल म्हणून वरून फॉइल गुंडाळली. कडेला चिकटलेली साखर कोमट पाण्यात भिजवली की सुटते, घासावी लागत नाही. ४ स्टार, एक झाकणाचा कापला.