कास्तेलनोदारीची मातीची कास्सोल: घरी कास्सुले करायचा असेल तर आधी हे भांडं घ्या

फ्रान्समध्ये तुलूझला येऊन तीन वर्षं झाली, कास्सुले, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे सुके दाणे आणि मांस ओव्हनमध्ये मंद शिजवून केलेला इथला पदार्थ, बाहेर बऱ्याचदा खाल्ला, पण घरी करायचं मागच्या हिवाळ्यात मनावर घेतलं. पहिल्या वेळी घरातल्या काचेच्या पसरट बेकिंग डिशमध्ये केला, चव बरी होती पण रस पार आटला आणि वरचा घेवडा कडक झाला. शेजारच्या आजींनी ती डिश बघितली आणि म्हणाल्या, अगं कास्सोल घेऊन ये आधी. मग एका शनिवारी ट्रेनने कास्तेलनोदारीला जाऊन घेऊनच आले.

चौघांच्या मापाची घेतली. लाल माती, आतून झिलई, बाहेरून कोरी, बुडाला अरुंद आणि वर पसरत गेलेली. पदार्थाचं नावच या भांड्यावरून पडलंय आणि भांडं मूळचं जवळच्या इसेल गावच्या कुंभारांचं असं सांगतात. हा आकार दिसायला छान म्हणून नाहीये, खाली खोल असल्यामुळे मांस आणि घेवडा रसात बुडून राहतो आणि वर तोंड मोठं असल्यामुळे साय, म्हणजे भाजून धरणारा खरपूस थर, भरपूर धरते, काचेच्या डिशमध्ये नेमकं हेच जमलं नव्हतं.

आणल्यावर आपल्याकडे नवीन मातीचं भांडं ठेवतो तशी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली. त्याच रात्री ४०० ग्रॅम लँगो, म्हणजे इथला लांबट पांढरा घेवडा, भिजत घातला आणि बदकाच्या तंगड्यांना जाडं मीठ चोळून ठेवलं. सकाळी मीठ पुसून तंगड्या बदकाच्याच चरबीत तीन तास शिजवल्या, चरबी उकळू द्यायची नाही, नुसती थरथरत ठेवायची. असं चरबीत शिजवलेलं बदक म्हणजे कॉन्फी, ते डब्यातलं मिळतं आणि बरेच जण तेच वापरतात, मला घरचं जास्त आवडलं कारण मीठ आपल्या हातात राहतं. घेवडा पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकलं, मग नव्या पाण्यात डुकराची कातडी, कांदा, गाजर आणि लसूण घालून तासभर, बोटचेपा होईपर्यंत. फुटू मात्र द्यायचा नाही. कातडी आजिबात वगळू नका, रसाला जो चिकट दाटपणा येतो तो तिच्यामुळे.

मग कास्सोलच्या तळाला कातडी, त्यावर थोडा घेवडा, मग कॉन्फी आणि परतलेलं डुकराचं मांस, वर उरलेला घेवडा, आणि व्हिक्तोर ह्युगो मार्केटमधून आणलेलं तुलूझ सॉसेज अर्धं बाहेर दिसेल असं खोचलेलं. घेवडा जेमतेम बुडेल इतकंच पाणी. ओव्हन १५० ते १६० अंश सेल्सियसवर, तीन तास. तासाभरात वर तपकिरी साय धरायला लागली, ती चमच्याच्या पाठीने हलकेच आत दाबायची की खालचा रस वर येतो आणि पुन्हा नवी धरते. आजी म्हणतात सात वेळा मोडायची, माझ्याकडून पाच वेळा झाली आणि पाचव्या सायीचा रंग बघून मला खरंच भरून आलं. ब्रेडचा चुरा वगैरे काही घातला नाही, कास्तेलनोदारीत घालत नाहीत आणि या भांड्यात गरजही पडत नाही.

प्रोस्पेर मोंतान्ये हे मोठे शेफ स्वतः कार्कासॉन शहराचे, तरी त्यांनी ख्रिस्ती धर्मातल्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीची उपमा देत कास्तेलनोदारीच्या कास्सुलेला पित्याचं स्थान दिलं, कार्कासॉनच्याला पुत्राचं आणि तुलूझच्याला पवित्र आत्म्याचं. मी तुलूझकर असूनही मला ते पटलं.

आता भांड्याच्या अडचणी. जड आहे, भरलेली ओव्हनमधून काढायला दोन हात आणि जाड फडकी लागतात. गॅसवर किंवा इंडक्शनवर चालत नाही, त्यामुळे सगळी पूर्वतयारी दुसऱ्या पातेल्यात. गरम कास्सोल थंड ओट्यावर ठेवू नका, लाकडी पाटावर ठेवा, तडा जाऊ शकतो. बाहेरची कोरी माती चरबी पिते, डाग राहतात, मला त्याचं काही वाटत नाही. घेण्याआधी ओव्हनची आतली उंची मोजून जा, मी मोजली नव्हती आणि जाळी एकदम तळाला लावावी लागली.

उरलेला दुसऱ्या दिवशी कास्सोलसकट १५० वर दीड तास गरम केला, रात्रभर घेवड्यात रस मुरला होता, पहिल्या दिवसापेक्षा जास्त आवडला. पुढच्या वेळी पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच करून ठेवणार.