टीपीएम: मोड्यूल घ्यायचं की बायोसमधलं चालू करायचं?

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात विंडोज ११ साठी लागणारं टीपीएम (डेटाच्या कुलपाच्या गुप्त चाव्या जपणारी सोय) म्हणून त्याचं मोड्यूल, म्हणजे मदरबोर्डावर बसवायची छोटी चिप, मागायला सारखं कुणीतरी येतं. आधी बायोस (मशीन सुरू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंग्ज) उघडा! इंटेलच्या आठव्या पिढीपासून बहुतेक बोर्डांत पीटीटी, एएमडीच्या रायझनवर एफटीपीएम या नावाचं टीपीएम आत असतंच. नुसतं चालू करायचं, खर्च शून्य. रायझनवर त्यामुळे मशीन मध्येच अडखळायचं, पण २०२२ मध्ये बायोस अपडेट आले नि ते सुटलं.

मोड्यूल मात्र त्याच बोर्डाचं लागतं. परवा शाहूपुरीतल्या काकांनी आणलेलं काही केल्या बसेना. पिनांची मांडणीच वेगळी. मोड्यूलचा एक फायदा खरा: प्रोसेसर बदलला तरी चाव्या चिपमध्येच राहतात. तरीही बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर कशालाही हात लावण्याआधी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप अडलं तर उघडायचा आकडा, कागदावर उतरवून घ्याच.