जुन्या चिठ्ठीवर ‘रिपीट’ औषध : माझे १८,१७९ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

‘जुनी चिठ्ठी पाठवा, तेच औषध घरपोच’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तर तिथेच सोडून द्या. एकदा बरे झालेले पिंपल्स तिशी-पस्तिशीत पुन्हा उगवले की बाई किती कासावीस होते, हे या लोकांना पक्कं माहीत आहे. माझे १८,१७९ रुपये गेले, चेहऱ्याची नुसती आग झाली, आणि तक्रार घेऊन ज्या ज्या दारात गेले तिथे माझीच उलटतपासणी झाली. हे लिहिताना लाज वाटते आहे. कॉलेजात शिकवणारी बाई अशी कशी फसली, असं घरच्यांनीही विचारून झालं. पण आपण गप्प बसलो की त्यांचंच फावतं.

मला हा त्रास २०१६ साली पहिल्यांदा झाला. तेव्हा नाशिकमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. त्याने पुरेसा फरक पडेना, म्हणून ते बंद करून आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे हट्टी पिंपल्सवरची जास्त जोरदार गोळी, सुरू केलं. ज्यांनी ही गोळी घेतली आहे त्यांना आठवत असेल, ती अशी उचलून देत नाहीत. बाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं, कारण डोस वजनावर ठरतो. यकृताची आणि कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी करायला लावली. लग्न झालेलं नसतानाही दिवस राहण्याबद्दल स्पष्ट विचारलं आणि बजावलं की या गोळीच्या काळात आणि ती थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. कोर्स पूर्ण झाला. चेहरा कित्येक वर्षं स्वच्छ राहिला.

गेल्या वर्षी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला पुन्हा गाठी यायला लागल्या. दुखणाऱ्या, खोलवरच्या. त्या डॉक्टर आता नाशिक सोडून गेल्या आहेत. दुसरीकडे चौकशी केली तर नंबर लागायला जवळजवळ महिना, आणि इकडे नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. मी कुठली गोरं करणारी जडीबुटी मागवत नव्हते. मला माझ्या डॉक्टरांनी दिलेलं, मला लागू पडलेलं औषधच हवं होतं. यात अविचार कुठे होता, हे मला अजूनही कुणीतरी सांगावं.

जाहिरातीत पांढरा कोट घातलेली बाई मराठीत बोलत होती. ‘पिंपल्स परत आले? नवीन तपासण्या, नवीन फी कशाला? तुमचीच चिठ्ठी रिपीट करू.’ नंबरावर मेसेज केला, लगेच उत्तर आलं. सल्ल्याचे ४९९ रुपये. मी जुन्या फाइलमधल्या दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. अर्ध्या तासात डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असलेली नवी चिठ्ठी पीडीएफमध्ये हजर. तीन महिन्यांच्या पॅकेजचे ८,७५० रुपये. वर ‘डाग राहू नयेत म्हणून’ एक क्रीम, १,८५० रुपये.

माझं डोकं फिरतं ते यानंतरच्या फॉर्मपाशी. पत्ता विचारला, पिनकोड विचारला, ‘त्वचा किती उजळ हवी’ हेसुद्धा विचारलं. वजन विचारलं नाही. शेवटची पाळी कधी आली, विचारलं नाही. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, नाही. रक्ताचा रिपोर्ट, नाही. ज्या गोळीसाठी एका डॉक्टरने मला काट्यावर उभं केलं होतं, ती गोळी हे लोक माझं वजन न विचारता पाठवत होते, आणि मी पुढच्या पानावर जाऊन घरचा पत्ता टाइप करत होते. २०१६ मध्ये मी ५१ किलो होते, आता ६३. आयसोट्रेटिनॉइनच्या पूर्ण कोर्सचा हिशेब साधारण किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम असा धरतात. म्हणजे जुना डोस जसाच्या तसा उतरवणं हे मुळातच चूक होतं. त्या अर्ध्या तासात हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण चिठ्ठीवर माझं नाव होतं, माझ्या ओळखीचं औषध होतं आणि खाली डॉक्टरची सही होती. आणखी काय बघायचं असतं माणसाने?

पार्सल आलं. गोळ्यांच्या पट्ट्या कापलेल्या, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला भाग नेमका गायब. क्रीमची पांढरी डबी, तिच्यावर कसलंच लेबल नाही. बिल नाही. विचारलं तर ‘ताई, आमच्याकडे फ्रेश बनतं’ असं उत्तर. ओठ कोरडे पडून फाटायला लागले तेव्हा मला उलट बरं वाटलं. मागच्या वेळीही असंच झालं होतं, म्हणजे गोळी खरी आहे.

आणि त्या क्रीमने आठवड्याभरात चेहरा साफ झाला. मैत्रिणींनो, हे नीट वाचा. पिंपल्सचं कुठलंही खरं औषध आठवड्यात चेहरा साफ करत नाही, दोन-तीन महिने लागतात. आठवड्यात लाली, सूज, गाठी सगळं बसलं तर डबीत स्टेरॉइड, म्हणजे लाली-सूज झटपट दाबणारं औषध, असण्याची शंका घ्या. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या जावेला मी तो नंबरसुद्धा देऊन बसले होते. तिने मागवलं नाही, नशीब.

क्रीम संपत आलं, एक-दोन दिवस लावलं नाही, तर चेहरा लालभडक झाला. जळजळ, बारीक बारीक पुळ्यांचे थर, उन्हात उभं राहवेना. सोबत डोकं दुखायचं, ते थांबेना. शेवटी ७०० रुपये फी भरून तज्ज्ञांकडे गेले. आधीच तिथे जायचं होतं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की नंबर मिळाला तो याच वेळी मिळाला.

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी पाहिली आणि आधी मला त्या दोन गोळ्या तत्काळ थांबवायला सांगितल्या. त्या लोकांनी डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन एकत्र लिहून दिलं होतं! ही दोन औषधं एकत्र देत नाहीत. दोन्हींमुळे कवटीच्या आतला दाब वाढण्याचा धोका असतो, त्यातून डोकेदुखी आणि नजरेचा त्रास होऊ शकतो. माझ्या जुन्या डॉक्टरांनी दुसऱ्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘डॉक्सी बंद’. फोटोत ती ओळ दिसते. पण वाचायला पलीकडे डॉक्टर होता कुठे? दोन कागद आले, दोन्हींवरची औषधं उतरवली, झालं रिपीट.

मग डॉक्टरांनी विचारलं, दिवस राहण्याची शक्यता आहे का. आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो. त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली. तपासणी निगेटिव्ह आली, पण रिपोर्ट हातात येईपर्यंत माझी आणि नवऱ्याची जी अवस्था झाली तिची भरपाई कोण देणार?

त्यांनीच समजावलं की आयसोट्रेटिनॉइननंतर पिंपल्स परत येणं काही विचित्र नाही, दुसरा कोर्सही देता येतो. पण बाईला या वयात हनुवटी-जबड्यावर गाठी येतात तेव्हा पाळीचं, हार्मोन्सचं बघावं लागतं. पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास) आहे का, मधल्या काळात कुठली औषधं घेतली, मूल हवं आहे का, यावर औषध ठरतं. कधी तेच, कधी वेगळंच. तीच चिठ्ठी पुन्हा चालवायची की नाही हा निर्णय असतो, आणि तो समोरच्या माणसाला बघून घ्यायचा असतो. क्रीम त्यांच्या मते स्टेरॉइडचंच. बऱ्याच स्टेरॉइड मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे, त्याचं कारण माझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. असं क्रीम लावत असाल तर भीतीने ते पुन्हा चोपडू नका आणि स्वतःच्या मनाने उपचारही करू नका. डॉक्टरांना डबी दाखवा.

आता पैशांचं. ४९९ रुपये भरताना मी यूपीआयचा पिन टाकला तो एकदाच पैसे देण्यासाठी, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ती ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची, मंजुरी होती, दरमहा ३,००० रुपयांपर्यंत. त्यानंतर २,९५० रुपये दोनदा कापले गेले. आदल्या दिवशी मेसेज येतो म्हणे. येतो, पण दिवसभरातल्या पन्नास जाहिरातींच्या मेसेजमध्ये तो कोण शोधणार? तुम्ही आत्ता तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडा आणि अनोळखी नाव दिसलं की रद्द करा. पिन टाकण्याआधी पडद्यावर ‘पर्यंत’ आणि ‘दरमहा’ हे शब्द शोधा.

परतावा मागितला तर एक गृहस्थ अत्यंत अदबीने बोलले. ‘ताई, पूर्ण रक्कम देतो, फक्त प्रक्रिया शुल्क १,००० आणि त्यावर जीएसटी १८०.’ पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असलेलं बिल पाठवलं, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ आकडा. इतकं रीतसर बिल बघून मी १,१८० रुपये भरले. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक नंतर टाकून पाहिला, अशी नोंदणीच नाही. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. परतावा देणारा आधी पैसे मागत असेल तर तो चोर आहे, त्याच्या बिलावर काहीही छापलेलं असो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ दुसरा, ‘औषध मिळालं ना? मग फसवणूक कुठे झाली?’ एकाने माझ्या चेहऱ्याकडे बघून ‘आता तर बरं दिसतंय की’ असं म्हटलं. तोवर माझे उपचार सुरू झाले होते, म्हणून बरं दिसत होतं! ग्राहक आयोगात जा, असा सल्ला देऊन माझा अर्ज बाजूला सरकवला. बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्या मंजुरीने झालेले आहेत. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात गेले तर पार्सलवरचा पत्ता परराज्यातला, म्हणून तिकडे तक्रार करा. तो पत्ता कुरियरच्या गोदामाचा आहे, हे मी शोधून काढून त्यांना दाखवलं. क्रीम तपासा म्हटलं, तर उघडलेली डबी चालत नाही. आता न उघडता मला कसं कळणार होतं की आत विष आहे? चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक मी नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर शोधला, तो भलत्याच डॉक्टरांच्या नावावर निघाला. म्हणजे एका खऱ्या डॉक्टरांचा क्रमांक वापरून खोट्या चिठ्ठ्या फिरत आहेत. हा छापील पुरावा घेऊन परत ठाण्यात गेले, तर त्या डॉक्टरांनी तक्रार करायला हवी, तुम्ही नाही, असं उत्तर मिळालं.

गर्भवतीने घेतली तर बाळाला व्यंग येऊ शकतं, असा इशारा ज्या औषधाच्या पाकिटावरच छापलेला असतो, ते औषध कापलेल्या पट्ट्यांमध्ये, बिलाशिवाय, कुणाच्याही घरी कुरियरने पोचतं आहे. आणि एवढ्या कार्यालयांत एकालाही हा पैशांच्या पलीकडचा गुन्हा वाटत नाही? कर आम्ही भरायचा, पुरावे आम्ही गोळा करायचे, पत्ते आम्ही शोधायचे, आणि वर ‘शिकलेल्या बायका असून’ हे शब्दही आम्हीच ऐकायचे. मला त्या चोरांचा जितका राग आहे तितकाच या टोलवाटोलवीचा आहे.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी कळवलं तरच ती अडवता येण्याची शक्यता असते. मी उशिरा केला, कारण आठवडाभर त्या गोडबोल्या माणसाच्या परताव्याची वाट बघत बसले. फोनवरून सल्ला देणारा प्रत्येक जण चोर नाही. २०२० पासून त्याचे नियम आहेत, पण त्यात डॉक्टरने स्वतःचं नाव-नोंदणी सांगायची असते आणि तुमची ओळख, माहिती घ्यायची असते. प्रश्न न विचारता जो चिठ्ठी देतो तो त्यातला नव्हे. दुकानातूनही गोळी घ्याल तेव्हा बॅच आणि मुदत लिहिलेलं बिल मागा. आणि जुन्या चिठ्ठीचा फोटो अनोळखी नंबरवर पाठवू नका, तिच्यावर तुमचं नाव, वय, डॉक्टरांचा क्रमांक, सगळं असतं.

ग्राहक आयोगातला अर्ज मी तयार केला आहे. ४९९, ८,७५०, १,८५०, २,९५० दोनदा आणि १,१८०, अशी प्रत्येक रक्कम त्यात नोंदवली आहे. तज्ज्ञांचं लेखी मत जोडलं आहे. कुणाकडे अशीच लेबल नसलेली पांढरी डबी आली असेल, तर ती फेकू नका. डबी, कापलेल्या पट्ट्या, पार्सलची वरची पिशवी, सगळं झाकून ठेवा, संभाषणाचे फोटो त्यांनी खोडायच्या आत काढून ठेवा आणि तुमच्या जिल्ह्यात तक्रार नोंदवा. ‘एकच तक्रार आहे, मॅडम’ असं मला पुन्हा कुणी म्हणता कामा नये.