शिकारीच्या मांसासाठी पिशव्या: अभ्रा, मांजरपाट की विकतची?

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली असल्यामुळे हा विषय आपल्याकडे उद्भवत नाही. परंतु अमेरिकेतल्या कोलोरॅडो, वायोमिंग किंवा मोंटाना येथे रीतसर परवाना घेऊन प्रथमच म्यूल डिअर हे हरीण वा त्याहून बराच मोठा असा एल्क यांच्या शिकारीला निघालेल्या मराठी वाचकाला बंदूक, बूट आणि पाठपिशवी यांवर खर्च करून झाल्यावर मांस कशातून आणायचे हा प्रश्न पडतोच. पिशवीकडून अपेक्षा तीनच असतात: माश्या व माती आत जाऊ नयेत, हवा खेळती राहावी आणि भार पेलताना शिवण उसवू नये.

यांपैकी हवेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असल्याने प्लॅस्टिकची कचरापिशवी आधीच बाद करावी. नुकत्याच मारलेल्या जनावराच्या मांसातली ऊब आणि ओल तिच्यात कोंडून राहते आणि मांस आंबू लागते. शिवाय अशा अनेक पिशव्यांना सुगंध किंवा जंतुनाशक लावलेले असते व त्या अन्नासाठी बनवलेल्याच नसतात. दुकानात सर्वांत स्वस्त मिळणारी ताणली जाणारी जाळीदार पिशवीही मी घेणार नाही. तिची वीण चक्का बांधायच्या फडक्यापेक्षाही विरळ असते, ताण बसला की भोके आणखी मोठी होतात, त्यांतून माश्या थेट मांसावर अंडी घालतात आणि उबेत एका दिवसात अळ्या पडू शकतात. काटेरी झुडपात ती टिकत नाही हे वेगळेच.

खरी निवड उरते ती अभ्रा, घरी शिवलेली पिशवी आणि विकतची कृत्रिम धाग्याची पिशवी यांमध्ये.

जुन्या कपड्यांच्या दुकानात एक-दोन डॉलरला मिळणारा सुती अभ्रा हरणासाठी पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची वीण माशीला अडवण्याइतकी घट्ट असते आणि पांढऱ्या रंगावर घाण लगेच दिसते. 20 बाय 30 इंचांच्या साध्या अभ्र्यात हाडे काढलेले 12 ते 15 किलो मांस आरामात मावते, आणि त्याहून जास्त भरूही नये, कारण मोठ्या गोळ्याचा गाभा निवायला फार वेळ लागतो. मेंदू आणि पाठीचा कणा यांत साठणाऱ्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या हरणांच्या रोगामुळे अनेक राज्यांनी अख्खे धड सीमेपलीकडे नेण्यावर निर्बंध घातले आहेत. त्यामुळे हाडे जागेवरच काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना लहान पिशव्याच सोयीच्या पडतात. अभ्र्याचे दोष दोन: तोंडाला नाडी नसल्याने ते दोरीने आवळून बांधावे लागते, आणि बाजूची एकेरी शिवण ओझ्याने उसवते. घरून निघण्यापूर्वी तिच्यावर दुसरी शिवण मारून घ्यावी.

एल्कचे गणित निराळे आहे. मोठ्या नराची हाडासकट मागची मांडी 25 ते 30 किलोंची असू शकते आणि ती साध्या अभ्र्यात मावत नाही. तिच्यासाठी अमेरिकेत मस्लिन म्हणून विकले जाणारे कोरे मांजरपाट आणून सुमारे 24 बाय 44 इंचांची पिशवी शिवावी. कापड आधी गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढावी आणि ते आटू द्यावे, पॉलिएस्टर दोऱ्याने दुहेरी शिवण घालावी, वर नेफा करून नाडी ओवावी. शिलाई मशीन घरात असेल तर एका संध्याकाळचे काम आहे. सुती कापडाची मोठी उणीव अशी की ते रक्त आणि पाणी शोषून जड होते व लवकर वाळत नाही. जुन्या सुती-पॉलिएस्टर मिश्र चादरीची पिशवी त्या मानाने लवकर सुकते.

कृत्रिम धाग्याच्या विकतच्या पिशव्यांचा संच बहुधा 50 डॉलरांच्या वर जातो. त्या वजनाला नगण्य असतात, झटपट वाळतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. सप्टेंबरमधल्या धनुष्यबाणाच्या हंगामात, दुपारच्या उन्हात, गाडीपासून कित्येक मैल आत जाऊन एल्क मारायचा असेल, तर हे पैसे मी बिनतक्रार देईन. उलट दिवाळीच्या आसपास, बंदुकीच्या हंगामात, रस्त्यालगत हरीण मिळण्याचा संभव असेल तर तो खर्च अनाठायी आहे, कारण तेव्हा निम्मे काम थंडीच करते.

पिशवी कोणतीही असली तरी मांस सावलीत, चहूबाजूंनी वारा लागेल असे टांगावे. 4 अंश सेल्सिअसच्या वर जीवाणू झपाट्याने वाढतात आणि मांडीच्या सांध्याजवळ कोंडलेली ऊब आधी हाडालगतचे मांस नासवते. वापरलेल्या पिशव्या प्रथम गार पाण्यात भिजवाव्यात, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. त्यानंतर बिनवासाच्या साबणाने गरम पाण्यात धुवाव्यात आणि कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य वापरू नये, कारण तो वास पुढच्या मांसाला लागतो.