रोपिंगच्या सरावाचा डमी: वर्षभर वापरल्यावर

टीम रोपिंग म्हणजे घोड्यावरच्या दोघांनी पळत्या गोऱ्ह्याला दोराच्या फासात पकडायचं, एकाने डोकं आणि दुसऱ्याने मागचे पाय. उत्तर टेक्सासात ते शिकवणारे आणि रिंगणं, दोन्ही मिळतात. अडतं ते रोजच्या सरावापाशी. घोडा, गोऱ्हा आणि जोडीदार रोज संध्याकाळी एकत्र कुणाला मिळणार? म्हणून मी उभा डमी घेतला. लोखंडी सांगाडा, प्लॅस्टिकचं धड, पुढे शिंगांचं डोकं, मागे दोन पाय. त्याआधी गवताच्या गठ्ठ्यात खोचायचं नुसतं डोकं होतं. ते स्वस्त पडतं, पण दोर जोरात ओढला की खिळे सैल होतात आणि डोकं कलंडतं.

मी हेडर आहे, म्हणजे गोऱ्ह्याचं डोकं पकडणारी, त्यामुळे पुढच्या भागाबद्दल खात्रीने सांगते: पैसे वसूल. हेडरचे तीनच फास ग्राह्य धरतात. दोन्ही शिंगांवर, एक शिंग आणि नाकाडावर, किंवा मानेत. डमीसमोर उभं राहिलं की फासाची खालची बाजू उजव्या शिंगावर टेकून टोक डावीकडे वळतं की हवेतच राहतं, हे शांतपणे बघता येतं. घोड्यावर ते दिसायच्या आत सगळं संपलेलं असतं.

फास पडला की बरेच जण तिथेच थांबतात. कृपा करून थांबू नका! ढिला दोर लगेच कमरेपर्यंत खेचा आणि पुढे खोगिराच्या खुंटीला वेढा घालण्याची हालचालही रोज करा, अंगठा वर ठेवून. जेक बार्न्स हा क्ले ओब्रायन कूपरसोबत सात वेळा जगज्जेता झालेला हेडर. 2005 मध्ये लास वेगासच्या नॅशनल फायनल्स या रोडिओ स्पर्धेत हाच वेढा घालताना त्याचा अंगठा तुटला. इतक्या मुरलेल्या माणसावर ही वेळ येते, तर आपण हाताचं वळण दोरावर भार नसतानाच पक्कं करायला हवं. मी जुनं खोगीर लाकडी घोडीवर ठेवून तेच करते. डमीच्या जोडीला ही सोय केलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मागच्या पायांबद्दल मात्र एवढं कौतुक करता येत नाही. खरा गोऱ्हा उड्या घेत जातो, पाय उचलले जातात त्या क्षणी हीलरचा, म्हणजे मागचे पाय पकडणाऱ्याचा, फास खाली उभा असावा लागतो. एकच पाय सापडला तर 5 सेकंदांचा दंड, आणि चांगली जोडी अख्खी फेरी जवळपास तेवढ्याच वेळात आटपते. स्थिर पायांवर फास कुठे ठेवायचा ते कळतं, कधी ठेवायचा ते कळत नाही. त्यासाठी एटीव्हीमागे (शेतात चालवायच्या छोट्या उघड्या चारचाकीमागे) ओढायची, पाय हलणारी स्लेज लागते. ती बरीच महाग असते. शेजारच्या रिंगणात मी ती वापरली आहे. हीलिंग शिकायचं असेल तर चार जणांनी मिळून तीच घ्यावी.

तक्रारी दोन. प्लॅस्टिक दुपारच्या उन्हात फिकं पडलं आणि कानापाशी तडा गेला. विक्रेत्याने बदलून दिलं नाही. सावलीत ठेवा. दुसरं, शिंगांवर साच्याची धारदार रेघ होती, तिने दोर खरवडला जात होता. सँडपेपरने ती घासली आणि खऱ्या गोऱ्ह्याला बांधतात तसे शिंगांचे संरक्षक पट्टे बांधले, तेव्हापासून दोर घसरतोही खऱ्यासारखा. धड हलकं असल्याने सांगाड्याच्या खालच्या दांडीवर वाळूची पिशवीही टाकावी लागते.

आणि दोर सरावाचा वेगळा ठेवा. हेडरचा साधारण 30 फुटांचा आणि मऊ, हीलरचा 35 फुटांच्या आसपास आणि कडक. उन्हाळ्यात गाडीत राहिलेला नायलॉनचा दोर उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लिबलिबीत होतो, थंडीत ताठतो. दोर ठेवायचा डबा मिळतो, तो डमीबरोबरच घेऊन टाका.