मॅस्कॉट टोपणावर कसा बसवायचा: आरपार बोल्ट, डाख, कॉलर की गोंद?

जुन्या गाडीच्या रेडिएटरवरचा मॅस्कॉट, म्हणजे टोपणावरची शोभेची मूर्ती, हरवतो तेव्हा बहुतेक वेळा तो एकटा जात नाही, टोपणासकट जातो. मूर्ती टोपणाला पक्की धरलेली असते, पण टोपणच रेडिएटरच्या मानेवर, म्हणजे पाणी भरायच्या तोंडावर, ढिलं असतं. गाडी खडबडीत रस्त्यावर तासभर हादरली की आटे हळूहळू उलटे फिरतात, आणि घरी पोचल्यावर रेडिएटरचं तोंड उघडं दिसतं. म्हणून मूर्ती कशी बसवायची हे ठरवण्याआधी टोपण, त्याखालचं पॅकिंग आणि मानेचे आटे तपासा. मानेचे आटे गेलेले असतील तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

गाडी कोणती आहे यावर बरंच ठरतं. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) मध्ये, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी वर चढतं आणि थंड खाली उतरतं, त्या जोरावर पाणी फिरायचं. वरची टाकी ओव्हरफ्लोच्या नळीतून हवेला उघडी असते, त्यामुळे आत दाब साठत नाही. अशा टोपणाला भोक पाडलं तरी गाडीच्या थंड राहण्यावर परिणाम होत नाही, फक्त त्या भोकातून पाणी आणि वाफ बाहेर यायला नको. नंतरच्या काळातल्या, दाबाखाली चालणाऱ्या रेडिएटरच्या टोपणाला मात्र भोक पाडायचा विचारही करू नका.

दुसरा फरक टोपण बंद होण्याच्या पद्धतीचा. मॉडेल टीचं टोपण आट्यांवर फिरवून बसतं. मॉडेल ए (१९२८ ते १९३१) चं टोपण दोन कानांवर थोडंसं फिरवलं की अडकतं. कानांच्या टोपणाचं तोंड दर वेळी जवळजवळ त्याच जागी थांबतं, त्यामुळे फोर्डने ॲक्सेसरी म्हणून विकलेला तो उडता लावा पक्षी सरळ पुढेच बघतो. आट्यांचं टोपण कुठे थांबेल हे पॅकिंग किती दबलं त्यावर अवलंबून. नवीन कॉर्क घालून टोपण आवळलं, मूर्ती अगदी नाकासमोर बसवली, आणि महिन्याभरात कॉर्क दबला की टोपण आणखी थोडं फिरतं. मग देवदूताची मूर्ती रस्ता सोडून फुटपाथकडे बघायला लागतो. माझ्या बाबतीत हे दोनदा झालंय. आता मी नवीन पॅकिंग घालून गाडी चार-पाच वेळा पूर्ण तापवतो, गार झाल्यावर दर वेळी टोपण आवळतो, मग पुढची दिशा पेन्सिलने आखतो आणि त्यानंतरच मूर्तीला हात लावतो.

मूर्ती कशाची आहे?

पितळ किंवा ब्राँझची असेल तर कुठलीही पद्धत चालते. जस्ताच्या ओतीव धातूची असेल तर जपून. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने झामाक हा शुद्ध जस्तावर आधारलेला मिश्रधातू आणला. त्याआधीच्या जस्ताच्या ओतकामात शिसं आणि कथील यांसारखी भेसळ राहून जायची, आणि त्या भेसळीमुळे धातू वर्षानुवर्षं आतून तडकत जातो, फुगतो, शेवटी बिस्किटासारखा तुटतो. मुलामा वरून चकचकीत असला तरी आत काय चाललंय ते दिसत नाही. अशा मूर्तीच्या बुडाला टॅप मारायला (आतून आटे पाडायला) गेलात तर तुकडा हातात येऊ शकतो. मुलाम्यावर बारीक फोड किंवा केसाएवढ्या चिरा दिसल्या तर ती मूर्ती कपाटात ठेवा आणि गाडीवर तिची पितळी प्रतिकृती लावा.

काचेचा मॅस्कॉट हा वेगळाच प्रकार, त्याच्याकडे पुढे येतो.

आरपार बोल्ट की डाख

खरी निवड बहुतेकांसाठी या दोघांतच असते.

आरपार बोल्ट म्हणजे मूर्तीच्या बुडात आटे, त्यात स्टड (आट्यांचा, डोकं नसलेला दांडा), टोपणाच्या मधोमध भोक, आणि खालून वॉशर व नट. रोल्स-रॉइससाठी चार्ल्स साइक्स यांनी १९११ मध्ये घडवलेल्या पंखांच्या मूर्तीपासून बाजारात मिळणाऱ्या साध्या ॲक्सेसरीपर्यंत, टोपणावर स्वार झालेल्या मूर्तींना ही रीत मानवते. फायदा एकच, पण मोठा: पाना लावला की सगळं परत सुटं होतं. टोपण आवळून दिशा बघितली की ते काढून, नट ढिला करून मूर्ती हवी तशी वळवता येते.

तोटे तीन आहेत. पहिला, एकाच स्टडवर मूर्ती गोल फिरू शकते. त्यावर इलाज म्हणजे स्टडच्या शेजारी एक छोटी पिन, किंवा बूड रुंद असेल तर दोन स्टड. दुसरा, पत्र्याचं दाबून बनवलेलं टोपण पातळ असतं. अर्धा किलोची मूर्ती, तिचा भारमध्य टोपणापासून ८ सेंटीमीटर वर, आणि गुरुत्वाच्या तिप्पट झटका धरला तर सुमारे १५ न्यूटनचा जोर साधारण १.२ न्यूटन-मीटरने मूर्तीला आडवं ढकलतो. बूड मधल्या स्टडपासून २ सेंटीमीटरवर टेकत असेल तर स्टडवर ६० न्यूटन, म्हणजे ६ किलो वजनाएवढा ताण येतो. स्टडला त्याचं काहीच नाही. पण हाच ताण हजारो वेळा आला की भोकाभोवतीचा पत्रा थकतो आणि चिरतो. म्हणून खालून नेहमीचा वॉशर पुरेसा नाही, टोपणाच्या आतल्या बाजूला बसेल एवढी मोठी पितळी चकती द्या. ओतीव टोपण असेल तर ही काळजी बरीच कमी.

तिसरा तोटा आट्यांच्या गोंधळाचा. ब्रिटिश मूर्तीत व्हिटवर्थ आटे असतात, त्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंश. पाव इंचाच्या मापात दोघांचेही इंचाला २० आटे, त्यामुळे चुकीचा स्टड बिनबोभाट आत जातो आणि बसल्यासारखा वाटतो, पण पकड अर्धवट असते. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थ १२ आणि अमेरिकन १३, तिथे निदान अडकून कळतं. फ्रेंच मूर्ती असेल तर मेट्रिकची शक्यता आधी तपासा. आटे मोजायची पट्टी नसेल तर एखाद्या जुन्या टर्नरकडे जा, जोर लावून बघू नका.

नट सुटू नये म्हणून चेकनट (त्यावर आवळलेला दुसरा नट) किंवा स्प्रिंग वॉशर पुरतो. नायलॉनचं कडं असलेला नट रेडिएटरच्या तापमानाला टिकतो, आणि टोपणाच्या आत असल्यामुळे दिसतही नाही. मूर्ती आणि टोपण यांच्यामध्ये फायबरची चकती हवीच. नाहीतर वाफ स्टडच्या कडेने वर येते आणि मूर्तीच्या बुडाला हिरवी पुटं चढतात. मूर्ती जस्ताची आणि टोपण पितळेचं असेल तर ओलाव्यात जस्त झपाट्याने खाल्लं जातं, तिथे ही चकती मूर्तीचं आयुष्य वाढवते. स्टड मात्र मोजून कापा. लांब राहिला तर आतल्या पत्र्यावर किंवा ओव्हरफ्लोच्या नळीवर टेकतो, टोपण पूर्ण बसत नाही, आणि मग पहिल्या परिच्छेदातला प्रकार घडतो.

डाखाचं, म्हणजे सोल्डरिंगचं, आकर्षण मला समजतं. नट नाही, स्टड नाही, भोक नाही, आणि काम नीट झालं तर मूर्ती टोपणातूनच उगवल्यासारखी दिसते. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो आणि पाणी १०० च्या आसपास उकळतं, म्हणजे वरवर भरपूर अंतर आहे. पण वितळबिंदूच्या इतक्या जवळ डाख सतत भाराखाली असेल तर तो वितळत नाही, हळूहळू सरकतो. सपाट बुडावर नुसता चिकटवलेला डाख एका बाजूने उघडत जातो आणि एक दिवस मूर्ती मान टाकते. डाख फक्त फटी बुजवण्यासाठी आणि भार दुसऱ्या कशावर तरी, हीच त्याची योग्य जागा. क्रोमवर तो धरत नाही, त्यामुळे मुलामा खरवडावा लागतो. जस्ताच्या मूर्तीला ज्योत दाखवली तर ती वाकते किंवा मुलाम्याला फोड येतात. पितळी जोडकाम डाखापेक्षा कितीतरी भक्कम, पण त्याला टोपण लालभडक तापवावं लागतं, मग मूळ मुलामा गेलाच समजा. आणि डाख असो वा पितळी जोड, मूर्तीचं तोंड कायमचं ठरून जातं. आट्यांच्या टोपणावर तर हा जुगारच.

माझा कल उघड आहे: पितळेवर पितळ असलं तरी मी आरपार बोल्टच घेईन.

कॉलर: काचेसाठी दुसरा मार्ग नाही

रने लालिक यांनी १९२५ मध्ये सिट्रोएनसाठी पाच घोड्यांचा काचेचा मॅस्कॉट केला आणि पुढे अशा काचेच्या मूर्तींची रांगच लागली. काचेला आटे पाडता येत नाहीत. धातूची कॉलर मूर्तीच्या बुडाला कवेत घेते आणि तिच्यातल्या स्क्रूंनी किंवा कड्याने ती आवळली जाते. काही कॉलरींमध्ये खाली दिवा आणि रंगीत काच असे, रात्री मूर्ती उजळायची.

इथे एक गोष्ट उलटी आहे, आणि तिथेच लोक फसतात. तापल्यावर पितळ काचेच्या जवळपास दुप्पट पसरतं. ४० मिलिमीटरची कॉलर ८० अंशांनी तापली तर पितळ सुमारे ०.०६ आणि काच ०.०३ मिलिमीटरने वाढते. म्हणजे गाडी गरम असताना मूर्ती किंचित हलते. ते पाहून कोणी तिथेच स्क्रू आवळले, तर गार होताना कॉलर आक्रसते आणि काच चिरडते. कॉलर नेहमी गाडी पूर्ण थंड असताना, हातानेच आवळावी. मध्ये कॉर्क, चामडं किंवा उष्णता सोसणाऱ्या रबराची पट्टी हवी. तेवढा लुसलुशीतपणाच हा फरक गिळतो.

धातूच्या मूर्तीसाठीही बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) असलेली कॉलर मिळते. टोपणाला भोक नको म्हणणाऱ्यांना ती आवडते. पण ग्रब स्क्रू तीन असतील तरच घ्या. एकच असेल तर तो मूर्ती धरत नाही, ढकलतो.

गोंद, चुंबक वगैरे

थोडक्यात सांगतो. साधा इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो, आणि रेडिएटरचं टोपण त्यापेक्षा बरंच तापतं. उष्णता सोसणारे इपॉक्सी मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना पक्कं होतानाच तापवावं लागतं. गाडी फक्त प्रदर्शनात उभी राहणार असेल तर चालेल, रस्त्यावर नाही. चुंबकाची कल्पना दर वर्षी कोणीतरी मांडतं. पितळ, जस्त, ॲल्युमिनियम यांपैकी एकालाही चुंबक धरत नाही.

टोपणाला हातच नको असेल तर

मूळ टोपण दुर्मीळ असेल तर प्रश्नच वेगळा. मग एक मार्ग म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या दांड्यांमध्ये किंवा दिव्यांच्या कंसांमध्ये आडवी बॅज-पट्टी बसवणं. क्लबचे बिल्ले, छोटे झेंडे, ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थांची चिन्हं तिथे छान बसतात. क्लॅम्पच्या आत रबर घाला आणि नट खालच्या बाजूला ठेवा. मूर्तीला मात्र पट्टी शोभत नाही, ती तिथे वाट चुकल्यासारखी दिसते.

रेडिएटरच्या जाळीवर कंपनीचं नाव किंवा बिल्ला लावायचा असेल तर तारेने बांधू नका. तार हादऱ्याने नळी घासत राहते आणि एक दिवस गळती सुरू होते, तीही बिल्ल्याच्या मागे, जिथे दिसत नाही. मागे सपाट पट्टी आणि मधून जाणारे बारीक स्क्रू बरे, दोन्ही बाजूंना रबर किंवा नमदा घालून. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीतून स्क्रू सरळ जातो. उभ्या नळ्यांच्या रेडिएटरमध्ये नळ्यांमधली फट बघून जागा ठरवावी लागते.

मोटोमीटर आहे, मॅस्कॉटही हवा आहे

१९१० च्या दशकात आलेला बॉइस मोटोमीटर टोपणाच्या भोकातून आत उतरतो आणि पाण्याचं नव्हे, वरच्या वाफेचं तापमान दाखवतो. खाली गॅस्केट आणि नट, म्हणजे हाही आरपार बोल्टच. मूर्तीसाठी भोक पाडलं की मोटोमीटरची जागा गेली. दोन्ही एका टोपणावर चढवायचा हट्ट धरू नका, वजन वाढतं आणि मूर्तीमागे मोटोमीटर झाकला जातो. ज्या गाडीत तापमान दाखवणारं दुसरं काही नाही, तिच्यावर रस्त्यावर असताना मोटोमीटर असावा आणि मूर्ती थांबल्यावर लागावी.

मग काय घ्यायचं?

गाडी रस्त्यावर चालते आणि मूर्ती धातूची आहे: प्रतिकृती टोपण विकत घ्या, त्यालाच भोक पाडा, आरपार बोल्ट, मोठी चकती, पिन, चेकनट. मूळ टोपण कापडात गुंडाळून ठेवा, गाडी विकताना ते जोडीला द्या. मूर्ती काचेची आहे: कॉलर, आणि लांबच्या प्रवासाला साधं टोपण. गाडी क्वचितच बाहेर पडते आणि टोपण मूळचं, दुर्मीळ: बाजूच्या स्क्रूंची कॉलर, नाहीतर काहीच नाही. मूर्ती जस्ताची आणि चिरलेली: वर सांगितलंच आहे.

सुरक्षेचा मुद्दा टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९३७ पासून पहिल्यांदा वापरात आलेल्या गाड्यांवर, धडकेत कोणाला इजा होईल असा टोकदार मॅस्कॉट लावायला मनाई आहे. युरोपीय नियमांत अशी शोभेची वस्तू १० डेकान्यूटन (सुमारे १० किलो वजनाएवढ्या) जोराने वाकावी, आत जावी किंवा निखळावी अशी अट आहे. ऑक्टोबर १९३७ आधीच्या गाड्यांना ब्रिटिश अट लागू नाही, पण मूर्तीची टोकं पायी चालणाऱ्याच्या पोटाच्या उंचीवर येतात हे स्टड निवडताना लक्षात असू द्या. गर्दीत चालवायची गाडी असेल तर मी साधं टोपण लावतो.

त्यासाठी आरपार बोल्टवाल्या टोपणाची जोडी सोयीची पडते. मूर्ती बसवलेलं टोपण डब्यात, साधं टोपण गाडीवर. पोचल्यावर इंजिन गार होऊ द्यायचं, टोपण बदलायचं. तेवढ्यात पाण्याची पातळीही बघून होते.