पाळणाघर-ताईंचा सहा दिवसांचा वर्ग, जळगाव : प्रथमोपचार चोख, मोजमाप घाईत

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, हे प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ठरलं. तेव्हापासून शिकलेल्या ताईंना मागणी आहे. त्यासाठी हा वर्ग करावा का? करावा, मुख्यतः तिसऱ्या दिवसासाठी.

त्या दिवशी घशात काही अडकलं तर काय करायचं ते शिकवतात. आपल्याकडे घरोघरी शेंगदाणे, आणि अख्खा दाणा श्वासनलिकेत जाणं हा खरा धोका. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, आधार जबड्याला, गळ्यावर दाब नाही. दोन खवाट्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच दाब. मूल जोरात खोकत किंवा रडत असेल तर थापा नकोत, खोकू द्यावं. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घातलं की ती आणखी आत सरकते. ही चूक सर्रास होते. प्रत्येकीकडून हे बाहुलीवर तीनदा करून घेतात आणि हात गळ्याकडे सरकला की शिक्षिका तिथेच थांबवतात. असं शिकवणं फार कमी ठिकाणी मिळतं.

जुलाबाचा धडाही नेमका आहे. एक लिटरचं ओआरएस पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. जुलाब थांबले तरी झिंक १४ दिवस.

मोजमापाला मात्र एकच दुपार, हे चुकतं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून आणि मोठ्याची उंची उभं करून घेतात; अदलाबदल झाली तर ०.७ सेंमीचा फरक पडतो. दंडाचा घेर मोजायची पट्टी ओढून धरली तर चांगलं मूलही ११.५ सेंमीखाली, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या लाल पट्ट्यात दिसतं. नंदुरबारच्या कुपोषणग्रस्त धडगाव-अक्कलकुव्यात काम करणाऱ्या ताईला याचा हात बसलेला हवाच.

भाषेकडेही लक्ष नाही. "मनं पोट दुखी राह्यनं" म्हणणाऱ्या पोराला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले तर ते गप्प बसतं. अहिराणी, पावरी या इथल्या बोलींतले दुखण्या-खुपण्याचे शब्द अर्ध्या दिवसात शिकवता येतील.

फी भरण्याआधी बाहुल्या किती आहेत ते विचारा. दहा जणींमागे एक तरी हवी, नाहीतर तिसरा दिवस नुसता बघण्यात जाईल.